पूल टेबलाच्या कापडाचा रंग कसा निवडावा

टेबलाचं कापड बदलायचं ठरलं की बहुतेक जण आधी रंगांचा तक्ता उघडतात. स्क्रीनवर वीस-पंचवीस चौकोन दिसतात, त्यातला एखादा डोळ्यांत भरतो, सोफ्याशी जुळतोही, आणि ऑर्डर जाते. कापड ताणून बसवल्यावर चार-सहा महिन्यांनी लक्षात येतं की कुशनलगतचा, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेलगतचा, एक ठरावीक बॉल नेहमीच चुकतोय, किंवा सगळ्या टेबलभर पांढरे ठिपके दिसू लागलेत. खोलीची शोभा हा रंग निवडायचा शेवटचा निकष आहे. त्याआधी तीन गोष्टी येतात : तुमचे बॉल, टेबलावरचा उजेड, आणि कापडावर रोज काय काय सांडणार आहे ते. या लेखाचा क्रमही तोच आहे.

रंगाआधी कापड ठरवा

रंग आवडला म्हणून भलतंच कापड घेऊन बसू नका. पूल टेबलासाठी मुख्यतः दोन जातींची कापडं मिळतात. एक लव असलेलं, बोटाला मऊ आणि किंचित केसाळ लागणारं. दुसरं वर्स्टेड, म्हणजे विंचरलेल्या लोकरीच्या धाग्याचं, घट्ट विणीचं आणि जवळजवळ गुळगुळीत. लव असलेल्या कापडावर बॉल मंद जातो. त्यावर कालांतराने लोकरीचे गोळेही येतात. वर्स्टेडवर बॉल लांबवर आणि सरळ जातो, म्हणून पूलच्या स्पर्धांत तेच वापरतात. दोन्हींत लोकरीबरोबर थोडं नायलॉन असतं. बेल्जियमच्या व्हर्व्हिए गावातली सिमोनिस ही कंपनी १६८० पासून कापड विणते आहे. तिच्या ८६० या प्रसिद्ध कापडात ९० टक्के लोकर आणि १० टक्के नायलॉन असतं, तर ७६० मध्ये हे प्रमाण ७० आणि ३० असं आहे आणि ते आणखी वेगवान आहे.

'गडद रंगाचं कापड हळू चालतं' असं टेबलाभोवती हमखास ऐकू येतं. रंगाच्या मात्रेमुळे धाग्यात बारीकसा फरक पडत असेलही, पण वीण, वजन, ताण, दमट हवा आणि साचलेली धूळ यांच्यापुढे तो मोजण्यासारखा नाही. वेग हवा असेल तर तो विणीत शोधा आणि रंग फक्त डोळ्यांसाठी निवडा.

म्हणून पहिली पायरी एवढीच, की कापडाची जात आणि प्रत पक्की करायची आणि त्या प्रतीत मिळणारे रंग तेवढे समोर ठेवायचे. यादी इथेच बरीच आखडते आणि काम सोपं होतं.

हिरवा आणि निळा आले कुठून

बिलियर्ड्स हा मुळात हिरवळीवरचा खेळ. पंधराव्या शतकात उत्तर युरोपात तो घरात, टेबलावर आला, तेव्हा गवताची आठवण म्हणून हिरवं कापड अंथरलं गेलं अशी सर्वमान्य समजूत आहे. हिरवा टिकला त्याला आणखी एक कारण देता येईल. भरपूर उजेडात माणसाचा डोळा पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त संवेदनशील असतो, त्यामुळे मध्यम हिरव्याकडे तासन्‌तास बघणं जड जात नाही.

निळा पुढे आला तो मोठ्या स्पर्धा आणि टीव्ही यांच्यामुळे. किंचित राखाडी झाक असलेल्या मध्यम निळ्यावर बहुतेक बॉल कॅमेऱ्यात आणि प्रत्यक्षातही स्वच्छ उठून दिसतात. 'टूर्नामेंट ब्लू' म्हणतात तो हाच. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या साहित्यविषयक नियमांत पिवळसर हिरवा, निळसर हिरवा आणि इलेक्ट्रिक ब्लू यांचा उल्लेख आहे. तुम्ही स्पर्धा खेळत असाल किंवा खेळायचा विचार असेल, तर घरच्या टेबलावरही याच घराण्यातला रंग ठेवा. ज्या पार्श्वभूमीवर सराव होतो तीच सामन्यात समोर असली की डोळ्यांना नव्याने जुळवून घ्यावं लागत नाही. अशा वाचकांनी पुढचा अर्धा लेख सोडला तरी चालेल.

आता बॉलकडे बघा

पूलचे पंधरा बॉल आणि क्यूने, म्हणजे काठीने, थेट मारायचा पांढरा क्यू बॉल असे सोळा गोळे, प्रत्येकी सव्वादोन इंच व्यासाचे. १ पिवळा, २ निळा, ३ लाल, ४ जांभळा, ५ नारिंगी, ६ हिरवा, ७ मरून, ८ काळा. ९ ते १५ हे पट्टेवाले, त्याच सात रंगांचे, पांढऱ्या अंगावर. म्हणजे इंद्रधनुष्यातला कुठलाही ठसठशीत रंग कापडाला घेतला तरी त्याच्याशी मिळताजुळता एखादा बॉल संचात असणारच. तेव्हा 'कुठला बॉल लपेल' यापेक्षा 'किती बॉल लपतील आणि किती वाईट लपतील' हे बघायचं असतं.

खेळताना आपण बॉलचा रंग वाचत नाही, त्याची कड वाचतो. समजा, ६ नंबरचा हिरवा बॉल लांब कुशनला चिकटून उभा आहे आणि त्याला अगदी पातळ कापायचंय. क्यू बॉल त्याच्या उजव्या कडेला निसटता घासून जायला हवा. गडद हिरव्या कापडावर ती कड, तिच्याखालची सावली आणि मागचं कुशन हे तिन्ही एकमेकांत मिसळतात. बॉल आहे हे दिसतं, पण तो नेमका कुठे संपतो ते दिसत नाही. जाड मारताना याचा त्रास नाही. पातळ कटला मात्र दोन मिलिमीटरचा अंदाज चुकला की बॉल पॉकेटच्या, म्हणजे ज्यात तो पाडायचा त्या भोकाच्या, कोपऱ्यावर आपटून परत येतो.

कड ओळखायला डोळा रंगछटेपेक्षा उजळ-गडद फरकावर जास्त भिस्त ठेवतो. टूर्नामेंट ब्लू निळा असूनही २ नंबरचा निळा बॉल त्यावर सहसा लपत नाही, याचं कारण यातच आहे. बॉल गडद आणि चकचकीत, तर कापड त्याहून उजळ आणि मंद असतं. हिरव्याचंही तसंच. पिवळसर, उजळ हिरवा घेतला तर ६ आणि १४ सुटे दिसतात. बाटलीसारखा गर्द हिरवा घेतला की बुडतात.

आता एकेक रंग. लाल कापडावर ३ आणि ११ तर जातातच, शिवाय ५, ७, १३ आणि १५ हेही शेजारचेच रंग असल्याने मंद पडतात. सहा बॉलची पंचाईत करणारा दुसरा रंग मला माहीत नाही. त्यात तापट लालाकडे बराच वेळ पाहिलं की पांढऱ्यावर हिरवट झाक भासू लागते, आणि क्यू बॉल पांढराच असतो. वाइन किंवा मरून थोडा शांत, पण तिथे ७ आणि १५ पूर्ण हरवतात, आणि जांभळे ४ आणि १२ अर्धवट. दिवाणखान्यात तो फार भारदस्त दिसतो हे मान्य. पण खेळण्यापेक्षा टेबल बघण्यातच आनंद असेल तरच घ्यावा.

काळा फोटोत देखणा दिसतो. पिवळा, नारिंगी आणि पांढरा त्यावर अक्षरशः पेटतात. पण ८ तर जातोच, २ आणि ४ हे गडद बॉलही आत ओढले जातात, आणि सर्वांत मोठं नुकसान सावलीचं होतं. बॉल कापडाला जिथे टेकतो तिथली छोटी सावली अंतर जोखायला फार कामाची असते. काळ्यावर ती दिसतच नाही, आणि बॉल अधांतरी तरंगल्यासारखे वाटतात. माझं मत विचाराल तर काळं कापड घेऊ नये. त्याची आणखी कारणं पुढे येतीलच.

राखाडीच्या रंगाचा बॉल संचात नाही, ही त्याची जमेची बाजू. मात्र राखाडीत दहा पायऱ्या असतात. मधोमधचा राखाडी हिरव्या आणि लाल बॉलच्या उजळपणाशी जुळून त्यांची कड बोथट करू शकतो, म्हणून मध्यमाहून एक पायरी फिका घ्यावा. उंटाच्या रंगाचा किंवा वाळूसारखा तपकिरी डोळ्यांना आरामाचा आहे, जुन्या लाकडावर फार खुलतो. १, ५, ९ आणि १३ थोडे मंद होतात, पण लपत नाहीत. जांभळ्यावर ४ आणि १२ बुडतात. पांढरट किंवा अगदी फिक्या रंगांवर क्यू बॉल आणि पट्टेवाल्यांचं पांढरं अंग दोन्ही विरतात, त्यांचा विचारच करू नका.

एक गोष्ट तपासून घ्या : तुमचा संच टीव्हीसाठी बदललेल्या रंगांचा आहे का? त्यात ४ नंबरचा बॉल जांभळ्याऐवजी गुलाबी आणि ७ नंबरचा मरूनऐवजी फिकट तपकिरी असतो, म्हणजे पडद्यावर ४ आणि ८ किंवा ३ आणि ७ यांची गल्लत होऊ नये. असा संच असेल तर वाळूच्या रंगाच्या कापडावर ७ आणि १५ अडचणीत येतील, उलट वाइन रंगाच्या कापडाचा त्रास थोडा कमी होईल.

उजेड सुधारा, मगच रंग ठरवा

पिवळट बल्बखाली निवडलेला निळा पांढऱ्या एलईडीखाली वेगळाच निघतो. म्हणून टेबलावरचा दिवा बदलायचा असेल तर तो आधी बदला. स्पर्धांसाठी टेबलाच्या प्रत्येक भागावर किमान ५२० लक्स उजेड मागितला जातो. घरी एवढा नसला तरी चालेल, पण तो सगळीकडे सारखा हवा. कोपऱ्यातलं पॉकेट अंधारं आणि मध्यभागी लखलखाट असेल, तर कुठलाच रंग तुम्हाला वाचवणार नाही. दिव्याचं रंगतापमान ४००० ते ५००० केल्विन ठेवा आणि डब्यावर रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जास्त आहे ना ते बघा. २७०० केल्विनच्या पिवळ्या उजेडात निळा मळकट होतो, राखाडी तपकिरी दिसतो, आणि पिवळा-पांढरा हा फरकही कमी होतो. १ नंबरचा बॉल आणि क्यू बॉल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असताना ते जाणवतं.

कापडही उजेड परत फेकतं, हेही लक्षात घ्या. लाल कापडावरच्या पांढऱ्या बॉलचा खालचा अर्धा भाग गुलाबी दिसतो. गडद कापड उजेड गिळतं, त्यामुळे ते घ्यायचंच असेल तर दिवा जास्त ताकदीचा लागेल. आणि खोलीत दिवसा खिडकीतून थेट ऊन टेबलावर पडत असेल तर आधी पडद्याची सोय करा. लोकरीवरचे रंग उन्हाने उडतात. लाल, जांभळा अशा भडक रंगांवर ते लवकर दिसतं, आणि जिथे बॉलचा त्रिकोण ठेवलेला असतो तिथे मूळ रंगाचा तुकडा शिल्लक राहून बाकीचं टेबल फिकं पडतं.

नमुना मागवा आणि टेबलावर तपासा

मोबाइलच्या पडद्यावर दिसलेल्या रंगावर ऑर्डर देऊ नका. मनातले दोन, फार तर तीन रंग निवडून त्यांचे नमुने मागवा. टपाल तिकिटाएवढा नमुना उपयोगाचा नाही. किमान वहीच्या पानाएवढा हवा, आणि प्रत्येक रंगाचे दोन तुकडे मिळाले तर फारच बरं.

आधी टेबलावर पांढरी किंवा राखाडी चादर पसरा. जुन्या हिरव्या कापडाच्या मधोमध ठेवलेला निळा तुकडा आहे त्यापेक्षा जांभळट भासतो, आजूबाजूच्या रंगाचा डोळ्यांवर परिणाम होतो म्हणून. मग टेबलाच्या एका टोकाकडे नमुना ठेवून त्यावर क्यू बॉल, २, ३, ४, ६, ७ आणि ८ मांडा. दुसऱ्या टोकाला जा आणि शॉट घेताना वाकता तसे पूर्ण खाली वाका.

इथे एक गोष्ट सहसा सुटते. उभं राहून बघताना बॉलच्या मागे त्याच्या भोवतालचं कापड दिसतं, पण क्यूवर हनुवटी टेकवून बघताना बॉलच्या मागे दिसतं ते पलीकडचं कापड आणि लांबचं कुशन. बॉलची वरची कड तर बऱ्याचदा थेट कुशनसमोर येते. म्हणून नमुन्याचा दुसरा तुकडा पलीकडच्या कुशनवर टाचणीने किंवा चिकटपट्टीने उभा लावा. त्या तुकड्यासमोर बॉलची कड स्वच्छ दिसते का, हाच खरा प्रश्न.

त्याच जागेवरून, वाकलेल्या उंचीवरून, मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग गेल्यावर फक्त उजळ-गडद फरक उरतो. ज्या बॉलची कड कापडाच्या राखाडीत विरघळली, तो बॉल तुम्हाला थकव्यात किंवा घाईत त्रास देणार. एखादा विरघळला तर चालवून घ्या. तीन विरघळले तर तो रंग बाजूला ठेवा, कितीही आवडलेला असला तरी. हीच तपासणी एकदा रात्री फक्त दिव्यात आणि एकदा दिवसा करा, कारण तुम्ही दोन्ही वेळा खेळणार आहात. नमुने दोन-तीन दिवस तसेच पडू द्या. पहिल्या दिवशी झकास वाटणारा इलेक्ट्रिक ब्लू तिसऱ्या दिवशी डोळ्यांवर येतो का ते तेव्हाच कळतं.

घरात कुणाला लाल-हिरवा रंगभेद नीट कळत नसेल तर चाचणीला त्यांनाच वाकायला लावा, तुमचा डोळा इथे कामाचा नाही. हा प्रकार पुरुषांत अजिबात दुर्मीळ नाही. स्नूकरमधले पीटर एबडन आणि मार्क ॲलन हे रंगांधत्व असलेले नामवंत खेळाडू. लाल आणि तपकिरी बॉलची गल्लत त्यांच्याबाबतीत सर्वांना ठाऊक आहे. अशा डोळ्यांना हिरव्या कापडावर लाल, मरून आणि नारिंगी बॉल फिके वाटू शकतात. निळं कापड त्यांना सहसा सोपं जातं, मात्र जांभळा ४ त्यांना निळ्यासारखाच दिसण्याची शक्यता असते, म्हणून तो बॉल मुद्दाम तपासा.

चॉक, पांढरे ठिपके आणि धूळ

कापड नवं असताना सगळेच रंग छान दिसतात. सहा महिन्यांनी काय दिसेल त्याचा अंदाज आताच घ्यायला हवा.

चॉकचा, म्हणजे क्यूच्या टोकाला घासायच्या खडूचा, रंग कापडाशी जुळवणं हा सर्वांत स्वस्त उपाय. आजचं चॉक १८९७ साली विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी पेटंट घेतलेल्या मिश्रणातून आलेलं आहे, त्यात सिलिकासारखी खरखरीत द्रव्यं असतात. ती क्यूच्या टोकाला चिकटून राहतात आणि कापडालाही. निळ्या कापडावर निळं, हिरव्यावर हिरवं चॉक कुठेही मिळतं. राखाडी आणि वाळूच्या रंगाला जुळणारं चॉक शोधावं लागतं, आणि पाहुणा खिशातून स्वतःचं निळं चॉक काढतो तेव्हा पंधरा मिनिटांत टेबलभर त्याचे ठसे उमटतात. फिका रंग घ्यायचा तर कमी भुकटी सोडणारं चॉक वापरायचं आणि पाहुण्यांना तेच द्यायचं, हे ठरवून टाका.

पांढरे ठिपके वेगळे. जोरदार ब्रेकच्या, म्हणजे बॉलचा गठ्ठा फोडणाऱ्या पहिल्या फटक्याच्या, वेळी क्यू बॉल सुरुवातीला फिरत नाही, घसरतो, शिवाय क्यू थोडा वरून लागला तर कापडावर आदळतो. त्या घर्षणाने कापडाचे तंतू भाजतात आणि तिथे चकाकणारा पांढरट ठिपका राहतो. तो धुऊन जात नाही. ब्रेक जिथून मारता तिथे असे ठिपके दाटीने जमतात, आणि गठ्ठ्यातला पहिला बॉल ठेवायच्या जागी एक कायमचा डाग होतो. काळ्या, गर्द हिरव्या आणि नेव्ही कापडावर ते रात्रीच्या आकाशासारखे दिसतात. मध्यम निळ्यावर, राखाडीवर आणि वाळूवर जवळ गेल्याशिवाय कळत नाहीत. ब्रेकच्या जागी क्यू बॉलखाली त्याच कापडाचा छोटा तुकडा ठेवला तर बराच बचाव होतो. हा तुकडा ऑर्डर देतानाच मागून घ्या.

धूळ, केस आणि कपड्यांचे तंतू काळ्यावर सगळ्यांत जास्त दिसतात. मांजर-कुत्रं असेल तर त्याच्या रंगाचाही विचार करा, हे मी गमतीने म्हणत नाही.

लाकूड आणि खोली

आता सोफ्याकडे वळायला हरकत नाही. आतापर्यंतच्या चाळणीतून दोन-तीन रंग उरले असतील, त्यांतून शोभेसाठी खुशाल निवडा. लालसर गडद लाकडाला हिरवा आणि वाळूरंग शोभतो, फिक्या लाकडाला मध्यम निळा, काळ्या किंवा राखाडी टेबलाला राखाडी किंवा निळा. पॉकेटचं चामडं तपकिरी असेल तर थंड राखाडी थोडा विजोड दिसतो. चित्रं किंवा बोधचिन्हं छापलेलं कापड मात्र टाळा. डोळा नकळत त्या रेषांवरून नेम धरू लागतो.

मला एकच रंग सुचवायला सांगितला तर मध्यम, राखाडी झाक असलेला निळा. टेबल जुन्या घाटाचं असेल तर पिवळसर हिरवा. दिवा उत्तम असेल आणि चॉकची शिस्त पाळली जाणार असेल तर वाळूरंग. टेबल पूलचं नसून स्नूकरचं असेल तर हिरव्याच्या पलीकडे जाऊ नका. तो खेळ लव असलेल्या हिरव्या कापडावर वाढला आहे.

ऑर्डर देताना

स्लेटवरचं, म्हणजे टेबलाच्या सपाट दगडी पृष्ठावरचं, कापड आणि सहाही कुशनचं कापड एकाच वेळी, एकाच रंगवणीच्या लॉटमधून घ्या. एकाच नावाची छटा दोन लॉटमध्ये थोडी वेगळी निघते, आणि नंतर कुशन बदलली की तो फरक रोज डोळ्यांत खुपतो. माप सांगताना टेबल 'आठ फुटी' आहे एवढंच सांगू नका. एका कुशनच्या नाकापासून (आतल्या पुढे आलेल्या कडेपासून) समोरच्या नाकापर्यंतची लांबी-रुंदी मोजून द्या : नऊ फुटी टेबलात ती १०० बाय ५० इंच, आठ फुटीत साधारण ८८ बाय ४४ इंच असते. कापड लव असलेलं असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेने कापले जातील हे बसवणाऱ्याकडून कबूल करून घ्या, नाहीतर उलट्या दिशेची कुशनची पट्टी वेगळ्याच रंगाची वाटते. उरलेली कापडाची लांब पट्टी फेकू देऊ नका. ती गुंडाळून अंधाऱ्या कपाटात ठेवा. एखादं कुशन फाटलं तर तीच कामी येते, आणि दोन वर्षांनी टेबलावरच्या कापडाशेजारी धरली की रंग किती उडाला तेही कळतं.